एकच पंप, दोन खाचरं

थांबा, बाकीचं सगळं नंतर, आधी हे सांगू द्या! आत्ता सांगितलं नाही तर डोक्यात नुसतं भणभणत राहील. साठ साल उलटून गेलेलं, मी शाळा संपवून आमच्या रिहे गावी घरी होते, आणि आमच्या आईचं न् काकीचं एका औषधावरून बोलणं बंद झालं. औषध म्हणजे तणाचं. पंपानं मारलं की रुंद पानाचं तण वाळतं आणि भाताला काही होत नाही. आमच्याकडे असलं काही पहिल्यांदाच आलेलं. ग्रामसेवकांनी भातात मारून दाखवलं आणि उरलेलं माझ्या वडिलांकडे, आबांकडे ठेवून गेले.

भात निघाल्यावर खाचरात वाल करायचे होते, तर धसकटांमध्ये ही तणाची गर्दी! आबा म्हणाले, उरलंय ते मारून टाकू. काका पुण्याला कामाला, म्हणून काकीचं खाचरही आबाच बघायचे. मध्ये नुसता बांध. एकच पंप, एकच पाणी, एकाच सकाळी दोन्हीकडे मारलं. पाणी मीच आणून देत होते, म्हणून छातीठोक सांगते. मग नांगरट झाली, वाल पेरले.

आमचे वाल उगवले, चांगले तरारले. काकीचे उगवले आणि वळले! प्रत्येक पान कुणीतरी बोटांत धरून पिळल्यासारखं, देठ वाकडे, शेंडे जमिनीकडे. मला काही कळेना. म्हणजे, कसं काय?

आता काकी आबांशी थेट कधीच बोलायची नाही. थोरला दीर समोर आला की डोक्यावर पदर आणि तोंड बंद. काय असेल ते आईमार्फत. आणि आता आईशीच अबोला, मग राहिलं कोण? मी! बांधावर उभी.

"सांग तुज्या आयला," काकी म्हणाली, "आमच्याच खाचरात दोनदा पंप फिरला व्हता का, इच्चार."

आई तिथंच, चार हातांवर. "तिला म्हणावं, माज्या नवऱ्याला दुसरी कामं न्हाईत व्हय?"

मी वळून काकीला म्हटलं, "काकी, आई म्हणती..."

"ऐकलं मी! बहिरी न्हाई झाले अजून!"

हसू येत होतं, पण हसायची सोय नव्हती. काका महिन्याभरानं येणार होते. त्यांनी ते खाचर बघितलं असतं आणि काकीनं सांगितलं असतं की थोरल्या भावानं मुद्दाम केलं, तर आबांचं तोंड बघवलं नसतं. आबा जेवायला बसायचे आणि भाकरी तशीच ठेवून उठायचे. "मी कशाला करीन गं तसं?" एवढंच म्हणायचे, आणि तेही माझ्याकडे बघून.

मग ग्रामसेवक आले. दोन्ही खाचरं फिरले, माती हातात घेऊन चुरली आणि विचारलं, खत कुठे घातलं होतं? आमच्यात उकिरडा उपसून घातला होता, जुना, काळा, भुसभुशीत. काकीनं आदल्या वर्षीच म्हैस विकलेली, खत आणणार कुठून! ते म्हणाले, "मग बरोबर. कुजलेल्या खतात बारीक जीव असतात, ते औषध खाऊन टाकतात."

काकी माझ्या पाठीमागून कुजबुजली, "इच्चार त्यांना, तणाला मारतं त्ये खाऊन ह्ये जीव मरत कसं न्हाईत?"

मी विचारलं. ग्रामसेवकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तसं असतं ते," म्हणाले.

पण आईनं तेवढं पकडलं. कुणाशी काही न बोलता पाट्या भरून शेण वाहिलं आणि काकीच्या अर्ध्या खाचरात टाकलं. उकिरडा रिकामाच होता, म्हणून गोठ्यातलं ताजं, पेंढ्यासकट. काकी ओट्यावरून बघत राहिली, पण अडवलं नाही. मग तिनं सगळीकडे दुसऱ्यांदा वाल पेरले.

आणि ऐका! शेण न घातलेल्या अर्ध्यात वाल सरळ, हिरवेगार. आईनं शेण घातलं त्या अर्ध्यात पुन्हा वळलेले! ग्रामसेवकांना विचारलं तर म्हणाले, तोवर दिवस गेले, मोकळ्या मातीतलं औषध आपोआप विरलं असेल, ताज्या शेणानं कदाचित धरून ठेवलं. कदाचित! म्हणजे खत औषध खातं की सांभाळून ठेवतं?

आई बांधावर मटकन बसली. रडकुंडीलाच आली होती. "आता म्हनंल, शेणात बी कायतरी कालवलं."

काकी खाचराच्या मधोमध उभी. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग एकदम हसायलाच लागली. "जाऊबाई," ती म्हणाली, कितीतरी दिवसांनी थेट आईला, "वाईट करायचं आसतं, तर कुनी एवढं शेण डोक्यावर वाहिलं आसतं व्हय? ह्ये औषिदच येडं हाय!"

काका आले तेव्हा तिनंच त्यांना सांगितलं, की आबांचा काही दोष नाही, औषधाचं कुणालाच कळत नाही. आबा त्या दिवशी नीट जेवले.

पण मला अजून कळलेलं नाही हो! जुनं खत, ताजं शेण, मोकळी माती, तिन्हीकडे तीन तऱ्हा. तुमच्याकडे कुणी मारलंय का हे औषध? झालंय का असं तुमच्या खाचरात?