शालिककाकांच्या विमानाची डावी काच

शालिकराम गजभिये. वय एकोणसत्तर, सूतगिरणीतले रिटायर्ड फिटर. मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी सव्वातीन वाजता, नागपुरात जरीपटक्याच्या मागच्या आमच्या गल्लीत, एका बिल्डरने खोदून सोडून दिलेल्या खड्ड्यात ते बुडून मेले. काठावर नऊ माणसं उभी होती. चौघांच्या हातात मोबाइल होता. दोर एकाच्याही हातात नव्हता.

हे सगळं मी त्याच आठवड्यात पत्रकात छापलं होतं. पुढचं जे सांगणार आहे ते पत्रकात बसत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. नव्हता असं म्हणत नाही, आजही नाही. कॉलेजपासून मी बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटते. लिंबातून रक्त काढून दाखवणाऱ्या एका बाबाचं लिंबू भर चौकात मीच कापलंय. भुताखेतांच्या या सदरातले अनुभव मी हसायला म्हणून वाचायची. तेव्हा खाली ‘ताई, डॉक्टरला दाखवा’ असं लिहिणार असाल तर खुशाल लिहा. मीही तेच लिहिलं असतं.

शालिककाका आमच्या समोरच्या घरात राहायचे. रिटायर झाल्यावर रद्दीतल्या कुठल्याशा जुन्या मासिकात त्यांना एक विमान सापडलं — कॅटलिना. दुसऱ्या महायुद्धातलं. समुद्रात पडलेल्या वैमानिकांना शोधायचं, थेट पाण्यावर उतरायचं आणि त्यांना उचलून आणायचं. पोट नावेसारखं. मागच्या बाजूला दोन्हीकडे काचेचे मोठे फुगे. त्या फुग्यात बसून एक माणूस खाली पाणी न्याहाळत राहायचा आणि कोणी दिसलं की तीच काच वर सरकवून बुडणाऱ्याला आत ओढून घ्यायचा.

काकांनी हे विमान अठ्ठेचाळीसपट लहान करून बनवायला घेतलं. बाजारचा तयार सेट नाही, सगळं हाताने. पातळ लाकडाच्या फासळ्या ब्लेडने कापायचे, नेलकटरच्या कानशीने घासायचे. काचेचे फुगे थंड्याच्या बाटलीच्या प्लास्टिकचे... गॅसवर गरम करून लाकडी साच्यावर ओढलेले. एक फुगा धड निघायचा तोवर दहा बाटल्या वाया जायच्या.

“काकाजी, नागपुरात समुद्र कुठून आणता गा?” पोरं चिडवायची. “अंबाझरी तलावात उतरवता का?”

“तुह्या नळाले पाणी आलं का तिथंच उतरवतो,” काका म्हणायचे.

एकदा मीच विचारलं होतं, हेच विमान का म्हणून. काका मान वर न करता म्हणाले, “बंदुकवालं विमान कोणीबी बनवते वं. हे माणसं वेचून आणते.”

खड्डा आमच्या गल्लीच्या टोकाला. तळघरासाठी खोदला, मग काम बंद पडलं. दोन पावसाळ्यांत दोन पुरुष पाणी साचलं, भोवतीचे टिनाचे पत्रे पडले, कडा ओल्या मातीने निसरड्या झाल्या. काकांनी काठावरच्या लोखंडी खांबाला नायलॉनचा दोर आणि त्याला ट्रकची हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवली. कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही. रोज संध्याकाळी फिरायला जाताना गाठ ओढून बघायचे, बस्स.

आता माझा भाग.

खड्ड्याबद्दल मी सहा महिने तक्रारी करत होते. शेवटी पाहणीला महापालिकेची माणसं येणार असं ठरलं, पोळ्यानंतर तीन दिवसांनी. पोळ्याच्या दिवशी मी फोटो काढायला गेले, तर प्रत्येक फोटोत ती ट्यूब! खड्डा धोकादायक दिसायच्या ऐवजी सोय केलेला दिसत होता. चळवळीत आम्हाला पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की त्यांचं काम आपण करायचं नाही. आपण खड्ड्याला दोर बांधला की खड्डा आपला होतो आणि बिल्डर सुटतो. मीही हे वीस शिबिरांत शिकवलं आहे. मी गाठ सोडली. दोर आणि ट्यूब आमच्या गच्चीवर नेऊन ठेवली. पाहणी होईपर्यंत तिथेच राहू दे, असं ठरवलं.

विसरले नाही. ठरवलं.

काका पोळ्याला लेकीकडे नरखेडला गेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने परत आले. खांद्यावर पिशवी, घरी येत होते. खड्ड्यात कोणाची तरी बकरी पडली होती. काका कडेला वाकले, पाय सरकला.

व्हिडिओ अडतीस सेकंदांचा आहे. काका पाण्यातून वर येतात आणि त्यांचा हात सरळ त्या खांबाकडे जातो. शोधत नाही. घरात अंधारात आपला हात बटणावर जावा तसा जातो. तिथे काही नसतं. हात पुन्हा जातो, माती धरतो, माती हातात येते. तेवढ्यात कोणीतरी हसत ओरडतं, “काकाजी, विमान बोलवा!” त्या माणसाला वाटलं, पाणी कमरेएवढं असेल.

बकरी दुसऱ्या काठाने आपली आपण वर आली.

‘काकाजी, विमान बोलवा’ — हे मी पत्रकाचं शीर्षक केलं. सगळ्या गल्लीला त्यात झोडपलं, बिल्डरला खुनी म्हटलं. दोर कोणी सोडला ते लिहिलं नाही.

काकांच्या श्रद्धांजलीचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्याच्या तिसऱ्या दिवशी काकांच्या बायको, वच्छलाकाकू, एक खोकं घेऊन आमच्या दारात उभ्या. खोक्यात अर्धवट विमान, काकांची अवजारं आणि चौकटीची वही.

“हे घे. तूच पुरं कर.”

“मी? मले कुठं येते काकू?”

“गाठ सोडता आली नं तुले? मंग जोडताबी येईन.”

आणि गेल्या. त्यांना कसं कळलं, हे न विचारताच मी खोकं आत नेलं.

दहा महिने लागले मला. दोन फुटांपेक्षा जरा मोठा पंख, त्याखालचे आधाराचे दांडे, नावेच्या पोटाची शिवण... सगळं वहीत लिहिलेलं, फिटरच्या अक्षरात. बोटं कापली, गोंदाने चिकटली. हे प्रायश्चित्त वगैरे नव्हतं. वर्षश्राद्ध आम्ही मानत नाही, पण स्मृतिसभा घेणार होतो आणि मला हे विमान टेबलावर बॅनरसमोर हवं होतं. फोटो चांगला आला असता. खरं तेच सांगते.

शेवटी राहिली डावी काच. वहीत तिच्याखाली दोनदा रेघ मारून लिहिलेलं — ‘डावी चिकटवायची नाही. सरकती ठेवणे. माणूस इथून आत येतो.’ मी वाचलं. पण विमान टेम्पोतून न्यायचं होतं, काच निखळली असती. बंद करून पक्की चिकटवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेपटीला रंग देत होते. ‘टक्’ असा आवाज झाला. बघते तर डावी काच वर सरकलेली. तुटलेली नाही, सरकलेली, जशी वहीत काढली होती तशी. कडेवर पाणी. बोट लावलं... गढूळ, सिमेंटचा आणि कुजल्याचा वास. घड्याळात सव्वातीन.

पावसाळी हवा, गोंद ओला राहिला असेल. पुसलं, दोन डब्यांतून मिसळायचा पक्का गोंद लावला. दुसऱ्या दिवशी सव्वातीनला पुन्हा उघडी. मग विमान लोखंडी कपाटात ठेवलं, किल्ली माझ्या गळ्यात, आत मोबाइल रेकॉर्डिंगला लावून. दुपारी व्हिडिओ पाहिला. एका क्षणी काच बंद, पुढच्या क्षणी उघडी. मधलं काही नाही. एक-एक चित्र थांबवून पाहिलं, मधे काहीच नाही. कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या मैत्रिणीला दाखवलं. ती म्हणाली, प्लास्टिक ताण सोडतं. मी विचारलं, पाणी? ती म्हणाली, तू जरा झोप घे.

पाच दिवस. पाचही दिवस सव्वातीन.

सहाव्या दिवशी मी काकूंकडे गेले. मेथी निवडत बसल्या होत्या. सगळं सांगितलं. त्यांनी जुडी खाली ठेवली नाही.

“मंग? मी काय करू?”

“काकू... तो दोर मीच सोडला होता.”

“माहीत आहे. माह्या खिडकीतून तुह्यी गच्ची दिसते. दहा महिने झाले, तिथंच पडून आहे.”

“मग बोलल्या काहून नाही?”

“बोलून काय झालं असतं? तू त्याचंबी पत्रक काढलं असतं. माफीचं. वर तुह्या फोटो.”

मी रडायला लागले. काकूंनी बघितलंसुद्धा नाही.

“रडू नको इथं, भाजी ओली होते. अन् तो तुह्यासाठी काच उघडून राहिला असं समजू नको. एवढी मोठी नाही तू.”

“मग कोणासाठी?”

“खड्डा बुजला का वं?”

नव्हता बुजला. पाहणी झाली होती, अहवाल झाला होता, माझ्या फोटोंचं कौतुक झालं होतं. आणि या पावसाळ्यात खड्डा पुन्हा काठोकाठ भरला होता.

त्याच संध्याकाळी नवी ट्यूब आणली, गच्चीवरचा दोर घेतला, खांबाला बांधला. काकू मागून आल्या. माझी गाठ त्यांनी सोडली आणि स्वतः बांधली, दोन वेढे, वर एक उलटा. “त्याची अशी राहे,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सव्वातीनला मी विमानासमोर बसले. काच हलली नाही. त्यानंतर रोज पाहिलं. तीन आठवडे बंद. मी पुन्हा स्वतःला सांगायला लागले की गोंदच खराब होता.

परवा, दुपारी, ‘टक्’.

मी अनवाणी धावले. खांब मोकळा! ट्यूब बाजूला चिखलात फेकलेली. खड्ड्यात वाकून पाहिलं. पाणी स्थिर होतं, कोणी नव्हतं. या वेळी नव्हतं. दोर शोधला तर तो समोरच्याच दोन खांबांना सापडला. त्यावर बॅनर ताणून बांधलेला, नवाकोरा, काकांच्या फोटोसकट — ‘शालिककाकांना न्याय मिळालाच पाहिजे’. आमचा बॅनर. मजकूर माझा. आमच्याच कार्यकर्त्यांनी सकाळी लावला होता आणि सुतळी कमी पडली म्हणून जवळचा दोर घेतला होता.

मी दातांनी गाठ सोडली. बॅनर पाण्यात पडला. काकांचा फोटो वर करून तरंगत राहिला, मग एका कोपऱ्यातून पाणी शिरलं. फोन वाजायला लागला, “ताई, बॅनर काहून काढला? लोकं फोटो काढून राहिले होते नं!”

मी फोन कापला आणि दोर बांधला. दोन वेढे, वर एक उलटा.

काच कोण उघडतं ते मला माहीत नाही. काका उघडतात असं मी म्हणणार नाही, माझा त्यावर विश्वास नाही. पाणी कुठून येतं, तेही कळलेलं नाही. स्मृतिसभा मी रद्द केली आहे. विमान माझ्या टेबलावर आहे, डावीवरचा गोंद मी खरवडून काढला आहे आणि रोज सव्वातीनला मी तिच्यासमोर बसते.

तुमच्या घराजवळचा उघडा खड्डा तुम्हाला ठाऊक आहे. आत्ता वाचता वाचता तोच तुमच्या डोळ्यांसमोर आला. त्याचा फोटो नंतर काढा, तक्रार नंतर करा. खड्डा कोणाच्या बापाचा आहे, ते नंतर विचारा. हा फोन खाली ठेवा, उठा, आणि आधी तिथे दोर बांधून या.