पोलिसांनी आधी नागपूरला कळवलं

इंग्लंडमध्ये रीडिंगला नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट. माझा रूममेट पहाटेच मेंढ्यांचे फोटो काढायला लांबच्या खेड्यात गेला आणि दुपार टळली तरी परतला नाही. फोनही बंद. त्या भागात मेंढ्या चोरीला जात असल्याचं मी वाचलं होतं, त्यामुळे भलतीच शंका आली.

अमेरिकेतला चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "इंटरनेटवर बघ. आमच्या काउंटीत कुणाला आत टाकलं की लगेच फोटोसकट झळकतं."

मी बराच वेळ शोधलं, पण इथे तसली सोय नव्हती. शेवटी पोलिसांनाच विचारलं.

"सॉरी सर, कोणाला अटक केली ते आम्ही सांगू शकत नाही," पलीकडच्या बाई अदबीनं म्हणाल्या.

तेवढ्यात नागपूरहून रूममेटच्या आईचा फोन आला. "अरे, त्याला मेंढीचोर समजून धरलंय! पोलिसांनीच मला कळवलं. फार गोड बोलतात रे! पत्ता लिहून घे."

मी पोचलो तोवर खात्री पटून त्याला सोडलं होतं.

"मला का नाही कळवलंस?" मी चिडून विचारलं.

"तुझा नंबर पाठ कुणाला आहे?"