पुठ्ठ्यात सापडलेला प्रवास

नांदेडच्या विनीता हदगावकर यांच्याकडे नौकानयनावरची त्रेचाळीस जुनी इंग्रजी पुस्तकं आहेत. तीस वर्षं त्यांनी अकरावी-बारावीला गणित शिकवलं. रद्दीच्या दुकानातून त्रिकोणमितीचं म्हणून एक पुस्तक उचललं, घरी येऊन उघडलं, तर भर दर्यात आपलं ठिकाण सूर्यावरून कसं काढायचं ते त्यात निघालं. तिथून नाद लागला. त्यातही त्यांना ओढ होती ती कुणीतरी मागाहून हौसेनं, चामड्यात, सोनेरी अक्षरांत पुन्हा बांधून घेतलेल्या प्रतींची.

अशा पुस्तकांची डागडुजी करणारा माणूस त्यांना लातुरात मिळाला. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीतला आनंदराज. वडिलांपासून बांधणीचंच काम.

मागच्या वर्षी हैदराबादहून आलेलं एक पुस्तक बाईंनी त्याच्याकडे दिलं. चौथ्या दिवशी फोन आला.

"मॅडम, पाठीचं चामडं सोडवत होतो. आतून कागदाची पट्टी निघाली. हातानं लिवलेलं हाय."

दुसऱ्याच दिवशी बाई लातुरात. पट्टीवर रोज दुपारचे अक्षांश होते. आठ, साडेनऊ, अकरा, आणि मग तीन दिवस तेच बारा अंश. पुढं कागद कापलेला.

"वारा पडला असेल," बाई म्हणाल्या. "जहाज तीन दिवस जागच्या जागी."

"मग पुढं काय झालं त्याचं?" आनंदराजनं विचारलं. मग स्वतःच सांगितलं, "पूर्वी रद्दी कागद खळीनं एकावर एक चिकटवून पुठ्ठा करायचे. बाकीचं ह्या पुठ्ठ्यात असंल. पण भिजवून फोडावा लागंल. पुन्हा असा जमायचा न्हाई."

बाईंनी पुस्तक तसंच घरी आणलं. त्या पुठ्ठ्यावरचं चामडं त्यांच्या संग्रहातलं सगळ्यात देखणं होतं. पण डोळे मिटले की बारा अंशावर थांबलेलं जहाज दिसायचं. तीन आठवड्यांनी त्या परत लातूरला गेल्या.

"फोडा," म्हणाल्या.

आनंदराजनं चामडं जपून उतरवलं आणि पुठ्ठा कोमट पाण्यात ठेवला. संध्याकाळपर्यंत थर सुटले. पहिले दोन कोरे. तिसऱ्यावर तेच अक्षर, तेच अक्षांश, सोबत सूर्यावरून केलेली आकडेमोड, पण शेजारी लाल शाईत दुसऱ्याच कुणाचा तरी हात. बाईंनी भिंग लावलं. बारा अंशांच्या तीन ओळींना मिळून एक रेघ होती आणि पुढं लिहिलं होतं: उतरवलेलं आहे. पुन्हा कर.

बाई मोठ्यानं हसायला लागल्या.

"काय झालं, मॅडम?"

"अहो, जहाज नव्हतंच! ही नौकानयन शिकणाऱ्या पोराची वही आहे; ती पट्टी कच्ची, हे पक्कं. मास्तरांनी खोटा प्रवास देऊन गणितं घातलीत, आणि ह्यानं कंटाळून एकच उत्तर तीनदा लिहिलंय. हाच शेरा मी तीस वर्षं मारला."

आनंदराजचा चेहरा पडला. "म्हंजे पुठ्ठा फुकटच फोडला की."

"न्हाई हो," बाई त्याच्याच बोलीत म्हणाल्या आणि ओले कागद टिपकागदावर पसरू लागल्या.

त्यानं नवा पुठ्ठा घालून जुनं चामडं होतं तेवढं बसवलं. एका कोपऱ्यात ते अपुरं पडलं, तिथला जोड दिसतो. सुटे कागद पाकिटात आहेत. बाईंनी त्यातली सगळी गणितं नव्यानं सोडवली. एकच राहिलंय, कारण त्यातले दोन आकडे कात्रीत गेलेत. सध्या त्या उलट्या बाजूनं, उत्तरावरून ते दोन आकडे शोधतायत.