वळणावरचा पिवळा झेंडा

आज गॅरेजमध्ये जळक्या ऑइलचा वास आला आणि मी मनानं थेट कोल्हापूरबाहेरच्या त्या वळणावर पोचलो. मोटारसायकलींची दिवसभराची शर्यत होती. मी हौसेनं मार्शल, म्हणजे वळणावर उभं राहून झेंड्यानं इशारा देणारा, झालेलो.

माझ्यासमोरच एकजण घसरून ट्रॅकवर पडला. मी पिवळा झेंडा हलवायला लागलो. म्हणजे पुढं धोका हाय, हळू या. कठड्यापलीकडं शर्यत बघायला आलेल्या शिरोळच्या मंडळींना वाटलं, बैलगाडी शर्यतीसारखा मी गाड्यांना चेव आणतोय. त्यांनीही टॉवेल गरगरा फिरवले. "पळीव की रं!"

"पावणं, न्हाय, न्हाय!" माझा आवाज इंजिनांत बुडाला.

तरी गाड्या हळू झाल्या. माझ्या झेंड्यामुळं की त्यांच्या टॉवेलांमुळं, अजून कळलेलं नाही. पडलेला लंगडत उठला आणि त्यानं कठड्यापलीकडच्या टॉवेलवाल्यांकडं बघून हात जोडले.

झेंडा काखेत मारून मीही त्यांना जोडले.