गल्ल्यात आठशे कमी

"पर्स उलटी कर."

सेठ मुद्दाम मोठ्यानं बोलले. परभणीतलं त्यांचं मोठं किराणा दुकान. दुपारचे चार. काउंटरपुढं सात-आठ गिऱ्हाइकं. गल्ल्यावर मी. कॉम्प्युटरच्या हिशेबापेक्षा आठशे रुपये कमी भरले होते.

मी म्हणाले, "सेठ, आत जाऊन बघू."

"आत कशाला? इथंच."

केली उलटी. कंगवा, एसटीचा पास, वीस रुपये. आणि कागदात गुंडाळलेलं पॅड.

"त्यात काय हाय? उघड."

उघडलं. एका बाईनं मान वळवली. सेठ म्हणाले, "मेंढरं राखणाऱ्याची पोर गल्ल्यावर बसवली, माझीच चूक."

माझा बाप मेंढरं राखतो. त्यात लपवायचं काय? पण त्या घडीला मला बापाची लाज वाटली. ती आजही टोचते. पॅडपेक्षा जास्त.

दीड वर्ष मी तिथं होते. गल्ला कमी भरला की माझ्या पगारातून कापायचे. जास्त भरला की नोट सेठच्या खिशात. दिवसभर सेठ गल्ल्यात हात घालायचे, त्यांचा मेव्हणाही घालायचा. किती घेतले त्याची चिठ्ठी कुणीच टाकायचं नाही. जबाबदार मी एकटी.

एकदा पाचशे जास्त भरले. दुसऱ्या दिवशी पूर्णेहून एक म्हातारी आली. "लेकरा, नोटीला नोट चिकटून आली असंल, बघ की."

सेठ म्हणाले, "गल्ला बरोबर होता."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. काम जाईल म्हणून. पैसे मी घेतले नव्हते, पण त्या दिवशी मी घेणाऱ्याच्या बाजूनं बसले होते.

त्या दुपारी मी पर्समधलं सामान गोळा करत होते, तेवढ्यात मेव्हणा आत आला.

"दाजी, टेम्पोच्या भाड्याला सकाळी आठशे मी नेले की. सांगायचं राहिलं."

"अस्सं," सेठ म्हणाले. "बस गं कामाला. रांग खोळंबलीय."

बस गं. एवढंच.

मी बसले नाही.

"सगळ्यांसमोर चोर ठरवलंत. आता सगळ्यांसमोर म्हणा, चुकलं."

"लय बोलायलीस. या खुर्चीसाठी धा पोरी उभ्या हायत."

"असू द्या. त्यांनाबी सांगते."

गल्ल्याची किल्ली काउंटरवर ठेवली आणि बाहेर पडले.

घरी आई म्हणाली, "गप राहा. दुसरं काम कोण देईल?" बाप म्हणाला, "कापलेल्या पैशासाठी अर्ज कसा करत्यात, ते इचारून ये."

कामगार कार्यालयात अर्ज दिला. कोणत्या महिन्यात किती कापले, सगळं लिहिलं. म्हातारीचे पाचशेही लिहिले. मी गप्प बसले होते, तेही लिहिलं. लिहिताना पेन दोनदा थांबला.

परवा माझ्या जागी लागलेली पोर घरी आली. तिचेही कापायलेत. तिला म्हणाले, तुझा अर्ज तू लिही, मी सांगते कसा. तिनं लिहिला.

काल मेव्हण्याच्या हाती सेठचा निरोप आला. कापलेले सगळे पैसे घे, अर्ज माघारी घे, बात खतम.

पैसे मी घेणार. माझ्या कष्टाचे आहेत. पण ते कामगार कार्यालयातल्या साहेबांपुढं घेणार, सेठच्या सहीनं, कशाचे कापले होते ते कागदावर लिहून घेऊन. दारामागं घेणार नाही.

आणि अर्ज माघारी घेणार नाही.