एसएसडी, आई आणि कोलंबीची सालं

गेल्या शुक्रवारी दुपारी नवीन पनवेलला आमच्या घरी एक कुरियर आलं... आणि माझं डोकं जे फिरलं ते शनिवारी रात्री जेवायच्या वेळेला जागेवर आलं.

झालं असं की मानसीला, म्हणजे माझ्या बायकोला, सहा वर्षांनी काम मिळत होतं. घरून करायचं, भाषांतराचं. सोमवारी सकाळी नऊपासून आठवडाभर ट्रायल, आणि त्यात पास झाली तर नोकरी पक्की.

पण तिचा लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या. एक फाइल उघडली की दुसरी गोठायची. ती म्हणाली, दुकानात दाखवूया. मी म्हणालो, "दुकानात कशाला? मी आहे ना!"

ही "मी आहे ना" ची खोड जुनी आहे. मी तळोज्याला एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. आमच्याकडे स्पेअर मागवायचा म्हणजे टॅग नंबर बघायचा, यादीत शोधायचा आणि तोच नंबर मागवायचा. पार्ट डोळ्यांनी बघायची गरजच पडत नाही.

तसंच इथेही केलं. लॅपटॉपचं मॉडेल नेटवर टाकलं. एका फोरमवर कोणीतरी छातीठोकपणे लिहिलं होतं की हार्ड डिस्क काढून तिच्याहून कितीतरी वेगवान अशी एसएसडी टाका, या मॉडेलला एम डॉट टू प्रकारची चालते. झालं... दिली ऑर्डर.

शुक्रवारी बॉक्स उघडला तर आत च्युइंगमच्या पट्टीएवढी एक चिप. लॅपटॉपचे अकरा स्क्रू काढले आणि मागचं झाकण उघडलं. तशी पट्टी बसेल अशी एकच खाच दिसली, आणि तिच्यात आधीच एक छोटं कार्ड बसलेलं. ते उपटणारच होतो, तेवढ्यात त्यावरचं वायफायचं चिन्ह दिसलं.

झाकण परत लावलं आणि फोनवर पुन्हा फोरम. एकजण म्हणतो, साटा घ्या. दुसरा म्हणतो, एनव्हीएमई घ्या, साटा आता जुनं झालं. तिसरा म्हणतो, एम डॉट टू म्हणजे फक्त आकार, त्यात साटापण असतं आणि एनव्हीएमईपण असतं. मी तो परिच्छेद चार वेळा वाचला... आणि दर वेळी मला आधीपेक्षा कमी कळलं.

त्यात आमच्या मॉडेलच्या नावापुढे दोन अक्षरं असतात आणि त्यावरून आतलं सगळं बदलतं, असा नवा शोध लागला. खालचा स्टिकर बघितला तर ती दोन अक्षरं नेमकी घासून गेलेली.

शनिवारी सकाळी आई माझ्यासमोर कोलंबी सोलत बसली होती. माझ्या आईने उरणला वीस-पंचवीस वर्षं मासळी विकली आहे. आमची स्वतःची होडी होती, बाबा असेपर्यंत. लॅपटॉपला ती अजून "टीव्ही" म्हणते.

बराच वेळ माझ्याकडे बघून ती म्हणाली, "आरं, नाव काय वाचत बसलास? तुजा बापूस मशीनचा पार्ट आनायला जायचा, तवा जुना पार्ट पिशवीत टाकून न्यायचा. दुकानदाराच्या हातावर ठेवायचा. मंग चुकत नाय."

मी तिला समजवायला गेलो की आई, हे होडीचं इंजिन नाही... आणि मध्येच थांबलो. कारण त्यात आणि यात फरक काय, हे मला सांगता येईना.

गुपचूप जुनी हार्ड डिस्क काढली, भाजीच्या पिशवीत टाकली आणि पनवेलला कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदार चाचांनी ती उलटीपालटी केली, टोकाचे दात बघितले आणि मागच्या फळीवरून त्याच लांबी-रुंदीची एसएसडी काढून दिली. "पीस लाए, अच्छा किया. लोक फक्त नाव सांगतात. एकाच नावाची चार-चार मशीन असतात, साहेब."

जुन्यातलं सगळं नवीनमध्ये उतरवूनही दिलं त्यांनी. मी तीन चहा प्यायलो.

घरी येऊन बसवली तर ती आत खुळखुळायला लागली. जुन्या डिस्कपेक्षा थोडी पातळ होती ना! मग आठवलं, तिच्याबरोबर एक काळी प्लास्टिकची चौकट मिळाली होती आणि मी ती पॅकिंग समजून कचऱ्यात टाकली होती. कोलंबीच्या सालांखालून ती शोधून काढली. आईने दोनदा धुऊन, पदराला पुसून दिली... आणि एसएसडी घट्ट बसली.

बटण दाबलं. मानसीने कुकर लावला होता, त्याची पहिली शिट्टी व्हायच्या आत लॅपटॉप सुरू!

सगळं नीट आलंय का बघायला मानसी एकेक फाइल उघडत होती. त्यात एक उघडली, "कंपनीला मेल" नावाची. मी मागे उभा होतो, त्यामुळे वाचली. घरगुती अडचणीमुळे सोमवारपासून जॉइन होता येणार नाही, क्षमस्व. शुक्रवारी संध्याकाळी लिहिलेली. मी फोरम वाचत होतो तेव्हा.

तिने फाइल डिलीट केली, आणि मला माझीच खूप लाज वाटली. सहा वर्षं तिने वाट बघितली होती, आणि मी माझ्या हुशारीपायी ते घालवायला निघालो होतो.

आज बुधवार. ट्रायल चालू आहे, मानसी रोज नऊला बसते. लॅपटॉप गरम झाला की कोलंबीचा हलका वास येतो, पण तिची तक्रार नाही.

सकाळी जुनी हार्ड डिस्क भंगारात द्यायला शोधली, तर सापडेना. आईने ती फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आहे, बाबांच्या होडीच्या इंजिनाचा शेवटचा नोजल जिथे आहे तिथेच. म्हणाली, "र्‍हाऊ दे. फुडच्या टायमाला दाकवायला लागंल."

मी काही समजावलं नाही. राहू दे म्हटलं.