जेट्टीवरच्या संगणकाची वेळ

दिघीच्या जेट्टीवर बोटीची तिकिटं देणारा गृहस्थ मनगटावर घड्याळ बांधत नाही. त्याच्याकडे संगणक आहे. तो संगणक जुना, रोज थोडा मागे पडणारा. पण हे साहेब फार दक्ष. पहिल्या बोटीचा भोंगा वाजला की बाहीने पडदा पुसून वेळ ताडून बघतात. रोज बरोबर जुळते, म्हणून खूश होतात. जुळणारच. बोट चालवणारा तांडेल खिडकीतून त्याच संगणकात बघून भोंगा वाजवतो.

खाडीपलीकडे आगरदांड्याची एसटी मात्र या दोघांना विचारून सुटत नाही. काल ती पुन्हा चुकली. मुरूडचा बाजार बुडाला आणि ओल्या बोंबलांची भरलेली पाटी घेऊन मी परत आले.

"अरे, तुझा संगणक मागं हाय!"

"न्हाय मावशी, सकाळीच भोंग्याशी ताडलाय. त्या एसटीवाल्यांना सांगा घड्याळ लावायला."

मी पाटी त्याच्या खिडकीखाली उन्हात ठेवली आणि स्वतः सावलीत जाऊन बसले.

दुपारी नाकाला रुमाल लावून साहेब बाहेर आले.

"मावशी, खरोखरचे किती वाजले असतील हो?"